पेंटमध्ये आता लेयर्स आले आहेत: मुलांना आधी काय शिकवावे?

शनिवारवर्ग (धागाकर्ती)
नमस्कार. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाच्या खोलीत मी गेली सहा वर्षे दर शनिवारी दुपारी आठ ते बारा वर्षांच्या मुलांना संगणकाची ओळख करून देते. पहिले तीन-चार महिने आम्ही पेंट हा विंडोजसोबत येणारा चित्रे काढण्याचा प्रोग्रामच वापरतो, कारण माउस धरणे, ओढणे, सोडणे, फाईल नाव देऊन जपून ठेवणे आणि ती पुन्हा शोधून काढणे हे सगळे त्या एका खिडकीत शिकून होते, आणि शिवाय मूल घरी जाताना स्वतः काढलेले काहीतरी घेऊन जाते. आमच्याकडे विंडोज १० असलेले सात जुने संगणक आहेत. दिवाळीत एका सभासदांनी विंडोज ११ असलेला एक लॅपटॉप भेट दिला, आणि तिथून हा प्रश्न उभा राहिला.

उत्तरायण जवळ आल्यामुळे मागच्या शनिवारी विषय पतंगाचा होता. नऊ वर्षांच्या एका मुलाने जुन्या यंत्रावर फार सुंदर पतंग काढला होता: उभी काडी, वरची कमान, खाली त्रिकोणी शेपूट, आणि मागे आमच्या शहरातल्या मांडवी या जुन्या वास्तूचा दरवाजा. मांडवीच्या कमानी काढायलाच त्याला अर्धा तास लागला. मग पतंग थोडा डावीकडे हवा असे त्याच्या मनात आले. त्याने चौकोन आखून पतंग उचलला आणि सरकवला, तर पतंगाबरोबर मागची कमानही उचलली गेली आणि मूळ जागी पांढरे भोक उरले. त्याने ते माघारी घेतले आणि पुढे त्या चित्राला हातच लावला नाही. मी त्याला नव्या लॅपटॉपवर बसवले, एका लेयरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारख्या थरांपैकी खालच्या थरावर, मांडवी काढायला सांगितली आणि वरच्या थरावर पतंग. पतंग सरकवला, मांडवी जिथल्या तिथे राहिली. मग त्याने तो पतंग पंधरा-वीस वेळा नुसताच इकडून तिकडे फिरवला.

माझे मत असे झाले आहे की थर ही पेंटमध्ये इतक्या वर्षांत आलेली सर्वांत मोठी सोय आहे आणि ती मुलांना पहिल्या महिन्यातच द्यावी. शब्द लिहून चित्र तयार करून घेण्याची जी सोय आली आहे, ती मात्र या वयात देऊ नये. आपल्यापैकी अनेकांनी पेंट वापरले आहे, काही जण चित्रकलेतच आहेत. आपले अनुभव आणि विरोधी मतेही मोकळेपणाने सांगावीत.

वाडीकर
ताई, आपल्या कामाबद्दल आदर आहे, पण थर इतक्या लवकर देण्याला माझा विरोध आहे. एकाच कागदावर काढताना मुलाला आधी विचार करावा लागतो की मागे काय येणार आणि पुढे काय येणार. पतंग कुठे असावा हे मांडवी काढण्याआधी ठरवण्याची सवय लागणे हेच चित्रकलेचे शिक्षण आहे. सगळेच हलवता येते असे कळले की ठरवण्याची गरज संपते. थर दुसऱ्या वर्षी द्या.

निवृत्त_आरेखक
मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात आरेखक होतो. १९९३ साली आमच्या विभागात विंडोज ३.१ असलेला पहिला संगणक आला, तेव्हा या प्रोग्रामचे नाव पेंटब्रश होते. त्याआधीचा इतिहासही थोडा सांगतो, कारण आज ज्याला 'नवीन' म्हटले जाते त्याची वाट किती लांबची आहे हे त्यावरून कळेल. १९८४ साली ॲपलच्या मॅकिंटॉशबरोबर बिल ॲटकिन्सन यांनी लिहिलेला मॅकपेंट आला आणि माउसने चित्र काढणे म्हणजे काय हे लोकांनी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पाहिले. नोव्हेंबर १९८५ मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती निघाली तेव्हापासून पेंट तिच्यासोबत आहे. तेव्हा तो फक्त काळ्या-पांढऱ्या रंगात काम करत असे आणि झेडसॉफ्ट कंपनीच्या पीसी पेंटब्रशचा परवाना घेऊन तो बनवला होता. विंडोज ९५ पासून त्याला नुसते पेंट हे नाव मिळाले.

आता वाडीकरांच्या मुद्द्याकडे येतो. आमच्या त्या पेंटब्रशमध्ये 'माघार' घेतली की शेवटचे अवजार निवडल्यापासून जेवढे काढले असेल तेवढे सगळे एकदम पुसले जाई. म्हणून आम्ही एखादी रेघ मनासारखी आली की तेच अवजार पुन्हा एकदा दाबत असू, म्हणजे तिथपर्यंतचे काम पक्के होई. पुढे विंडोज एक्सपीच्या काळात तीन पावले मागे जाता येई आणि विंडोज ७ मध्ये पन्नास. दर वेळी जुनी मंडळी म्हणत की आता हात बिघडतील. माझा हात शाईच्या पेनाने ट्रेसिंग कागदावर घडला, जिथे चुकलेली रेघ पात्याने खरवडून काढावी लागत असे, आणि तरीही मी सांगतो की खरवडण्याच्या भीतीने माझी चित्रे सुधारली नाहीत. मी फक्त सावकाश झालो.

शिवाय ट्रेसिंग कागद हा थरच असतो. यंत्राचा सांगाडा एका कागदावर, मापे दुसऱ्यावर, विजेची जोडणी तिसऱ्यावर, आणि तिन्ही एकमेकांवर ठेवून काचेखाली दिवा लावून पाहायचे. थर संगणकाने आणलेले नाहीत.

सूरसागरकाठ
काकांचा प्रतिसाद जपून ठेवला आहे. अवजार पुन्हा दाबण्याची युक्ती माझे वडीलही सांगत, पण ती का करायची हे आज कळले.

रेघ_आणि_रंग
मी बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेत शिकले आणि आता मुखपृष्ठे व पुस्तकांची मांडणी करते. नवीन सोयी नेमक्या काय आहेत यात गोंधळ होऊ नये म्हणून थोडे तपशीलवार लिहिते.

पेंटचे चित्र म्हणजे लहान चौकोनी ठिपक्यांचा तक्ता. जुन्या पेंटमध्ये प्रत्येक जागी एकच ठिपका असे आणि त्याला एकच रंग. पांढरा हाही रंगच, म्हणून पतंग उचलल्यावर खाली 'काहीच नाही' असे नसून पांढरा रंग भरला जाई. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने चाचणी घेणाऱ्या वापरकर्त्यांसाठी थर आणि पारदर्शकता आणली, तेव्हा पहिल्यांदाच पेंटला रिकामी जागा कळू लागली. ती पडद्यावर राखाडी-पांढऱ्या चौकटींनी दाखवली जाते आणि पीएनजी या प्रकारची चित्रफाईल म्हणून जतन केली तर रिकामीच राहते. त्याच महिन्यात एका बटणाने चित्रामागची पार्श्वभूमी काढून टाकण्याची सोय आली.

तरी एक मोठी उणीव राहिली होती. फाईल पीएनजी म्हणून जतन करून बंद केली की सगळे थर चिकटून एक होत, त्यामुळे मुलाने आज अर्धे सोडलेले चित्र पुढच्या शनिवारी थरांसकट उघडता येत नसे. सप्टेंबर २०२५ मध्ये चाचणी आवृत्तीत प्रकल्प म्हणून जतन करण्याची सोय आली आणि त्यासाठी पेंटची स्वतःची वेगळी फाईल आली. ब्रश व पेन्सिल किती पारदर्शक हवी हे ठरवणारी सरकपट्टीही तेव्हाचीच. ताई, आपल्या लॅपटॉपवर फाईलच्या यादीत हा पर्याय दिसतो का ते आधी पाहा आणि दिसत नसेल तर पेंट अद्ययावत करून घ्या. वर्गासाठी माझ्या मते थरांइतकीच ही फाईल महत्त्वाची आहे.

वाडीकरांचे म्हणणे मला पूर्ण पटत नाही, पण त्यात तथ्य आहे. आम्हालाही पहिल्या वर्षी कोळशाने मोठ्या कागदावर सरळ काढायला लावत आणि खोडरबर हातातून काढून घेत.

रांगोळीवही
मला चित्रकलेतले फारसे कळत नाही, पण माझ्याकडे आईच्या हातच्या ठिपक्यांच्या रांगोळीच्या चार वह्या आहेत आणि त्या मी दोन वर्षांपासून पेंटमध्ये उतरवून घेत आहे. शनिवारवर्गताई, आपल्याला मुलांना थर समजावायचे असतील तर रांगोळीने समजवा, कारण रांगोळी घातलेली आपल्या मुलांनी पाहिलेली असते.

दारापुढे आधी गेरूने जमीन सारवतो तो पहिला थर. त्यावर ठिपके तो दुसरा. ठिपके जोडणाऱ्या रेघा तो तिसरा आणि आत भरलेले रंग तो चौथा. आता जमिनीवर रेघा चुकल्या की बोटाने पुसताना ठिपकेही पुसले जातात आणि पुन्हा मोजत बसावे लागते. पेंटमध्ये ठिपके वेगळ्या थरावर ठेवले तर रेघा कितीही वेळा पुसा, ठिपक्यांना धक्का लागत नाही. आणि सगळे झाल्यावर ठिपक्यांचा थर झाकून टाकला की नुसती रेघांची जाळी उरते.

मी कसे करते ते लिहिते. आईच्या वहीत 'मध्ये ९, दोन्ही बाजूंना ५ पर्यंत' अशी एक कासवाची रांगोळी आहे, म्हणजे एकूण ६१ ठिपके. मी आधी नऊ ठिपक्यांची एक ओळ करते, पहिला ठिपका ब्रशने काढून बाकीचे त्याची प्रत करून. मग ती ओळ निवडून, प्रत करून वर ठेवते, शेवटचा ठिपका खोडते आणि बाणांच्या कळांनी ती अर्धे अंतर उजवीकडे सरकवते. बाणाची कळ एकदा दाबली की निवडलेला भाग पडद्यावरचा एकच बारीक ठिपका, म्हणजे एक पिक्सेल, सरकतो, त्यामुळे रांगोळीच्या दोन ठिपक्यांमध्ये मी नेहमी ४० पिक्सेलचे अंतर ठेवते, म्हणजे बरोबर वीस वेळा कळ दाबायची. हे वीस मी आजही तोंडाने मोजते. वरचा अर्धा भाग झाला की त्याची प्रत उभी उलटवून खाली बसवते.

रेघांचेही तसेच. कासवाचा एक पाय नीट काढायचा, मग त्याची प्रत आडवी उलटवून दुसरा. फक्त निवड पारदर्शक ठेवायला विसरू नये, नाहीतर नव्या पायाभोवतीचा पांढरा चौकोन आधीच्या रेघा झाकतो. मी पहिल्या महिन्यात हे विसरून तीन रांगोळ्या पुन्हा काढल्या आहेत.

कारेलीबागकर
रांगोळीवही यांचा प्रतिसाद वाचून आजच करून पाहिले. रेघा वरच्या थरावर ठेवल्या, खाली रंगासाठी नवा थर घेतला आणि रंगाची बादली एका पाकळीत ओतली, तर सगळे पानच लाल झाले. माझे काय चुकले?

रेघ_आणि_रंग
आपले काही चुकले नाही. बादली ज्या थरावर आपण उभे आहात तेवढाच थर पाहते. आपल्या रंगाच्या थरावर रेघाच नाहीत, त्यामुळे रंगाला अडवणारे कुंपण नाही आणि तो कडेपर्यंत पसरतो. यावर सोपा उपाय असा की रेघांच्या थराची दुसरी प्रत करावी, खालच्या प्रतीत रंग भरावेत आणि वरची प्रत स्वच्छ रेघांसाठी तशीच ठेवावी.

याच संदर्भात मुलांना एक गोष्ट जरूर दाखवा. बादलीचा रंग बंद आकारातच राहतो आणि कुंपणात एका ठिपक्याची फट असली तरी त्यातून बाहेर जातो. चित्र आठपट मोठे करून ती फट शोधायला लावा. पाण्याच्या टाकीची गळती शोधावी तशी मुले ती शोधतात, आणि चित्र ठिपक्यांचे बनलेले आहे हे त्यांना न सांगता कळते.

वाडीकर
रांगोळीचा दाखला ऐकून मला थांबावे लागले, हे मान्य करतो. रांगोळीत ठिपके आधी घालणे म्हणजेच आधी ठरवणे आहे. त्या अर्थाने थरांमुळे विचार सुटत नाही, तो वेगळ्या ठिकाणी करावा लागतो. तरी माझी एक विनंती आहे. पहिली दोन चित्रे एकाच थरावर होऊ द्या. पतंगाखालचे पांढरे भोक ज्याने पाहिले आहे, त्यालाच थर कशासाठी ते कळेल. ताईंच्या त्या मुलाला ते इतके पटकन कळले, ते त्याने अर्धा तास कमानी काढल्या होत्या म्हणून.

छापखाना_रावपुरा
आमच्याकडे शाळा आणि मंडळे मुलांची चित्रे छापायला आणतात, म्हणून दोन व्यवहारातल्या गोष्टी सांगतो.

पहिली, चित्र पीएनजीमध्येच द्या. जेपीजी ही दुसऱ्या प्रकारची फाईल छायाचित्रांसाठी चांगली, कारण ती चित्राचे आठ-आठ ठिपक्यांचे चौकोन करून त्यातला बारीक फरक सोडून देते. छायाचित्रात ते डोळ्यांना कळत नाही. पेंटमधल्या काळ्या रेघेभोवती आणि अक्षरांभोवती मात्र मळकट ठिपके उमटतात, आणि तीच फाईल पुन्हा उघडून पुन्हा जेपीजीत जतन केली की मळ वाढतो.

दुसरी, चित्राचा आकार आधी ठरवा. पडद्यावर पान भरून दिसणारे चित्र बहुधा हजार-बाराशे ठिपके रुंद असते. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात, म्हणजे बाराशेचे चित्र चार इंचांतच संपते. ए-४ कागदासाठी २४८० बाय ३५०८ ठिपके लागतात. चित्र काढून झाल्यावर आकार वाढवला तर रेघांच्या पायऱ्या होतात, आणि आई-वडिलांना ते सांगताना आम्हालाच वाईट वाटते.

प्रथमवर्ष
ताई, मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि माझे मत थोडे वेगळे आहे. शब्दांवरून चित्र बनवण्याची सोय मुलांपासून सरसकट दूर ठेवू नये. ती २०२३ मध्ये आली, तिला मायक्रोसॉफ्टचे खाते लागते, आणि आपण लिहिलेले शब्द दूरच्या संगणकाकडे जाऊन तिथून चित्र येते. काही नव्या सोयींसाठी तर कोपायलट प्लस म्हणवला जाणारा लॅपटॉपच लागतो, ज्यात सेकंदाला किमान ४० लाख कोटी क्रिया करणारी वेगळी चिप आणि १६ जीबी मेमरी असावी लागते. म्हणजे आपल्या वर्गात हे सगळे चालणारही नाही. पण मुले ते घरी मोबाईलवर पाहणारच आहेत. त्यांच्यासमोर एकदा करून दाखवले आणि यंत्राने केलेली मांडवी खऱ्या मांडवीशी ताडून पाहायला सांगितले, तर ती अधिक नीट पाहायला शिकतील.

आजोळ
प्रथमवर्ष यांचा शेवटचा मुद्दा मला फार पटला, आणि त्याचे कारण माझ्या घरात घडले आहे. माझ्या आजीचा १९५० च्या दशकातला एक फोटो आहे, सूरसागर तलावाच्या कठड्यापाशी उभी असलेली. फोटोवर मधोमध घडी पडून पांढरी भेग गेली होती. मी एका ॲपमध्ये ती भेग पुसली. भेग गेली आणि फोटो अगदी नवा दिसू लागला, म्हणून तो मोठा करून सगळ्या नातेवाइकांना वाटला. मावशीने चष्मा लावून पाहिले आणि म्हणाली, "अगं, हा काठ आईच्या लुगड्याचा नाही." भेग नेमकी पदरावरून गेली होती. ॲपने शेजारचे पाहून तिथे वेलबुट्टी भरली होती, आणि आजीच्या त्या लुगड्याला साधा रुईफुली काठ होता. ते लुगडे अजून मावशीच्या कपाटात आहे.

पेंटमध्येही आता एखादी वस्तू पुसून मागची जागा आपोआप भरून देणारा खोडरबर आला आहे. अशी साधने पुसलेल्या जागी 'काय असावे' याचा अंदाज भरतात, काय होते ते त्यांना ठाऊक नसते. मुलांना हे सांगावे, आणि मूळ फाईल वेगळ्या नावाने जपून ठेवायला शिकवावे. मी ती ठेवली होती म्हणून भेगेसकट खरा काठ आज आमच्याकडे आहे.

फत्तेगंज_आई
माझ्या मुलीच्या बोटांत जोर कमी आहे आणि पेन्सिल तिला पाच मिनिटांहून जास्त धरवत नाही. पेंटमध्ये शिफ्ट दाबून सरळ रेघ आणि पूर्ण वर्तुळ काढता येते हे तिला सातव्या वर्षी कळले आणि तेव्हापासून ती रोज काढते. म्हणून 'हाताने काढले तरच चित्र' असे म्हणताना आपण थोडे सांभाळून बोलावे, अशी माझी विनंती आहे.

शब्दांवरून चित्र करण्याबद्दलही तिच्याकडून मी शिकले. मी तिला एक हत्ती बनवून दिला. तिने त्याची पार्श्वभूमी काढली, हत्ती वेगळ्या थरावर ठेवला, त्याची सोंड खोडली आणि स्वतःच्या हाताने दुसरी, वर उचललेली सोंड काढली, कारण तिला तो मकरपुऱ्याच्या आमच्या घरासमोरच्या नळाचे पाणी उडवताना हवा होता. आपण शाळेत कात्रणवही करत होतो, वर्तमानपत्रातले चित्र कापून चिकटवायचो आणि खाली आपल्या अक्षरात लिहायचो, तसेच तिचे ते काम होते. तो हत्ती तिचा नाही, पण ती सोंड आणि ते पाणी तिचेच आहे, आणि ती तसे स्पष्ट सांगते.

निवृत्त_आरेखक
फत्तेगंज_आई, आपल्या मुलीला माझे आशीर्वाद. चित्राखाली कोणता भाग कोणी काढला हे लिहिण्याची पद्धत आमच्या आरेखनात होती. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात 'काढले', 'तपासले', 'मंजूर' अशा तीन ओळी असत. मुलांच्या चित्रालाही एक असा कोपरा द्यावा.

अलकापुरी_संध्याकाळ
मूळ प्रश्नातली एक अडचण बाजूला पडली आहे. लॅपटॉप एक आणि जुनी यंत्रे सात. विंडोज १० च्या पेंटमध्ये थर येणार नाहीत, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधारही, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा मिळणे, संपला. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असलेल्या बहुतेक यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. चौदा मुलांत एकालाच थर मिळाले तर बाकीची तेरा रांगेत उभी राहतील.

माझ्या माहितीतले दोन मार्ग आहेत. पेंट डॉट नेट हा मोफत प्रोग्राम विंडोज १० वर चालतो, दिसायला पेंटच्या जवळचा आहे आणि त्यात थर पहिल्यापासून मुरलेले आहेत. तो २००४ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठात विद्यार्थी-प्रकल्प म्हणून सुरू झाला. दुसरा टक्स पेंट, २००२ पासून खास लहान मुलांसाठी मोफत मिळणारा, मोठी बटणे आणि शिक्के असलेला, जुन्या यंत्रांवरही हलका. आठ वर्षांच्यांना टक्स पेंट आणि दहाच्या पुढच्यांना पेंट डॉट नेट अशी वाटणी करता येईल. जुनी यंत्रे वर्गात इंटरनेटला जोडू नका, फाईली पेनड्राईव्हने न्या.

मांडवीवाला
पेंटच टिकेल का, ही शंका काही जणांना असेल. जुलै २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने पेंटला पुढे विकसित न होणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकले होते आणि त्याच्या जागी पेंट थ्रीडी येणार होता. जगभरातून लोकांनी इतके प्रेम व्यक्त केले की पेंट राहिला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पेंट थ्रीडीच स्टोअरमधून काढला गेला. त्यामुळे मुलांना पेंट शिकवणे वाया जाणार नाही, असे मी खात्रीने सांगतो.

शनिवारवर्ग (धागाकर्ती)
सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभर प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला आणि काल वर्ग घेतला, त्याचा वृत्तान्त लिहिते.

अलकापुरी_संध्याकाळ यांच्या सूचनेप्रमाणे सातही यंत्रांवर पेंट डॉट नेट घातले. पण वाडीकरांचे ऐकून पहिला तास सगळ्यांना साध्या पेंटमध्येच बसवले आणि एकाच थरावर घर, झाड आणि सूर्य काढायला सांगितला. तास संपताना मी म्हटले, आता सूर्य झाडामागे न्या. खोलीत चांगलाच गलबला झाला. कोणी झाड खोडले, कोणी सूर्याचा अर्धा भाग हिरव्या ब्रशने झाकला, आणि दहा वर्षांच्या एका मुलीने झाडाचे एकेक पान निवडून सूर्यावर चिकटवले. मग दुसऱ्या तासाला थर दाखवले. रांगोळीवही यांची चार थरांची रांगोळी मी फळ्यावर खडूने काढली, आणि जमीन, ठिपके, रेघा, रंग हे शब्द मुलांनी लगेच उचलले. आता वर्गात कोणी 'लेयर दोन' म्हणत नाही, 'ठिपक्यांवर जा' म्हणतात. आमची गुजराती मुलेही 'ठिपका' हाच शब्द वापरू लागली आहेत.

कारेलीबागकरांसारखे सगळे पान लाल होण्याचा प्रकार पाच जणांकडे झाला. रेघांची दुसरी प्रत करण्याचा उपाय दाखवल्यावर तो थांबला.

शब्दांवरून चित्र करण्याबाबत माझे मत मी थोडे बदलले आहे. वर्गात ती सोय मुलांच्या हातात देणार नाही, कारण त्यासाठी खाते उघडावे लागते आणि इतक्या लहान मुलांची खाती मला उघडायची नाहीत. पण पुढच्या महिन्यात प्रथमवर्ष यांनी सुचवल्याप्रमाणे मी स्वतः घरून एक मांडवी तयार करून आणीन, तिचा छापील कागद घेऊन सगळ्यांना मांडवीच्या दरवाजापाशी नेईन आणि काय काय चुकले आहे ते मोजायला लावीन. आजोळ यांच्या आजीच्या काठाची गोष्टही त्या दिवशी सांगेन, त्यांची परवानगी असेल तर. निवृत्त_आरेखक काकांचा कोपरा कालपासूनच सुरू केला आहे: प्रत्येक चित्राच्या उजव्या कोपऱ्यात नाव, तारीख, आणि दुसऱ्याचे काही घेतले असेल तर काय घेतले ते.

पतंगवाल्या मुलाने लॅपटॉपवरचे चित्र प्रकल्प म्हणून जतन केले आहे. शेवटी त्याने पतंग उजवीकडेच ठेवला, जिथे तो पहिल्या दिवशी होता.

आता एकच विचारायचे आहे. पुढच्या शनिवारी ठिपक्यांची पहिली रांगोळी घ्यायची आहे. ६१ ठिपक्यांचे कासव लहान मुलांना जड जाईल का?

आजोळ
परवानगी आहे, ताई. मावशीला विचारून लुगड्याच्या खऱ्या काठाचा फोटोही पाठवते.

रांगोळीवही
कासव आत्ता घेऊ नका, पायांपाशी मुलांचे मोजणे चुकते. '५ ठिपके ५ ओळी' घ्या, म्हणजे सगळे ठिपके सरळ रांगेत येतात आणि अर्धे अंतर सरकवावे लागत नाही. आईच्या पहिल्या वहीत पहिल्या पानावर तेवढ्याच ठिपक्यांचे कमळ आहे. आज रात्री ते पीएनजीत करून इथे देते, ठिपक्यांचे वेगळे आणि रेघांचे वेगळे.